पडवीबाहेरचे डोळे

आमच्या माहेरच्या माणसांचे डोळे बाहेर आलेले असतात. रागाने नाही, भीतीने नाही, जन्मतःच. शाळेत मला बेडकी म्हणायचे. लग्न ठरायच्या वेळी नवऱ्याकडच्या एका बाईने पोहे खाता खाता विचारलं होतं, "पोरीला थायरॉईड-बियरॉईड नाय ना?" नव्हतं. वडिलांना नव्हतं, आत्यांनाही नव्हतं. आमची घडणच तशी. भुवईखालचं हाड पुढे यायचं ते आलेलं नाही, गालाचं हाड चपटं, आणि दोन डोळ्यांच्या मधे नाकाची जी भिंत असते ती आमच्याकडे गुडघाभर उंचीची. घराला पडवी असते म्हणून पावसाची झड दारापर्यंत पोचत नाही. आमच्या डोळ्यांना पडवी बांधायचीच राहून गेली.

हे मला एवढं ठाऊक, कारण माझा धंदाच तोंडं बघण्याचा. मुरबाडच्या बाजारात आमचं फोटो आणि झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स नवरा बघतो, पासपोर्ट फोटो मी काढते. दिवसभर 'सरळ बघा, हनुवटी खाली, चष्मा काढा' एवढंच माझं बोलणं. ज्यांचे डोळे खोल असतात त्यांच्यावर भुवईची सावली पडते, तोंड काळं येतं, आणि मग ते माझ्याशी भांडतात. माझ्यासारख्यांच्या डोळ्यांवर सावली पडतच नाही. फोटोत आम्ही फार छान येतो. बाकी कशालाही हे डोळे बरे नाहीत.

वडिलांचा डावा डोळा विटीने गेला होता. किन्हवलीच्या बाजूला आमचं गाव, तिथेच भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात पोरं विटीदांडू खेळत होती, त्यात तेही होते. विटी ती केवढी, बोटभर लाकूड. मोठं काही लागलं असतं तर ते कपाळावर नाहीतर गालावर अडलं असतं, असं म्हातारी माणसं सांगायची. विटी एवढीशी, ती बरोबर मधे शिरली. मी पाहिला तो डोळा शिजलेल्या माशाच्या डोळ्यासारखा होता. लहानपणी मी नेहमी त्यांच्या उजव्या बाजूला बसायची. डाव्या बाजूला बसलं की मी त्यांना दिसायची नाही, आणि आपण बापाला दिसत नाही हे मला सहन व्हायचं नाही. एकदा मी त्यांना विचारलं, तेव्हा फार दुखलं का? ते म्हणाले, "दुखल्याचा आठवत नाय. माझ्या तोंडाकडं बघून बाकीच्या पोरांची तोंडं कशी झाली, तेवढाच आठवतंय."

मला मुलगी झाली तेव्हा मी तिची बोटं मोजली नाहीत. आधी डोळे पाहिले. होतेच बाहेर.

अंघोळ घालायला एक बाई यायची. ती तेलाचा हात फिरवताना बाळांची नाकं चिमटीत धरून वर ओढायची, म्हणजे नाक सरळ येतं म्हणे. मी तिला म्हटलं, शेंडा राहू दे, वरचं ओढ, डोळ्यांच्या मधलं. ती हसली. "कलेक्टर करायचीय काय पोरीला?" पण ओढायची बिचारी. नाक जरा वर आलं असेल-नसेल, डोळे होते तिथेच राहिले.

पोरगी शाळेत जायला लागल्यावर एकदा मी तिच्या कंपासमधली पट्टी घेतली आणि घरातल्या सगळ्यांच्या तोंडाला लावली. पट्टीचं एक टोक भुवईवर, दुसरं गालाच्या हाडावर. नवऱ्याच्या डोळ्यापुढे एवढी जागा राहिली की मधून माझं बोट गेलं. सासूबाई आधी म्हणाल्या, "हा काय येडेपणा?" आणि मग स्वतःच तोंड पुढे करून बसल्या. त्यांचीही जागा चांगली. लेकीला लावली तर पट्टी थेट पापणीला टेकली. तिने पापणी फडफडवली तशी पट्टी हलली. नवरा म्हणाला, "आता जन्मभर पट्टी घेऊन हिच्या मागे फिरणार काय?"

त्या दिवसापासून माझी जी थट्टा सुरू झाली ती संपली नाही. मी भित्री आहे हे मला मान्य आहे. दिवाळीत फटाके मी दाराच्या फटीतून बघते. रंगपंचमीला पाण्याचे फुगे घेऊन पोरं गल्लीत आली की लेकीला आत ओढून कडी लावते. माझं 'अगं, डोळा' सुरू झालं की घरातले सगळे एकाच वेळी दुसरीकडे बघायला लागतात.

आणि असल्या घरातली पोरगी कबड्डी खेळायला लागली.

तीही कोपऱ्यात. ज्यांनी कबड्डी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. समोरची चढाई करत आत येते, तेव्हा कोपऱ्यावरच्या पोरीने दबा धरायचा आणि ती मागे फिरली की खाली झेप घेऊन तिचा घोटा धरायचा. म्हणजे आपलं तोंड बरोबर तिच्या गुडघ्याच्या उंचीवर. मी लेकीला म्हटलं, दुसऱ्या कुठल्या जागी खेळ. ती म्हणाली, "आई, मी घोटा सोडत नाय म्हणून तर मला घेतलंय." खरं होतं ते. तिच्या हातात आलेला पाय सुटायचा नाही. नवऱ्याला तिचा एवढा अभिमान की गिऱ्हाईकांना मोबाईलवर तिचे व्हिडिओ दाखवायचा. मी तेच व्हिडिओ बघायची आणि गुडघे मोजायची.

तो रविवारचा दिवस. सामने किन्हवलीच्या अलीकडे एका गावात होते. भात निघून गेलं होतं, एका मोठ्या शेताचे बांध मोडून, पाणी मारून मैदान केलं होतं. थंडीचे दिवस, तरी ऊन चटकत होतं. माझ्या माहेराची वाट तीच, म्हणून मी आले होते, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मी लेकीबरोबर सगळीकडेच जायची. घरी बसून भिण्यापेक्षा समोर बसून भ्यायलेलं बरं.

दुसऱ्या डावात समोरची एक उंच पोरगी चढाईला आली. हिने घोटा धरला. ती पाय सोडवायला वळली आणि तिचा गुडघा माझ्या लेकीच्या डाव्या डोळ्याखाली बसला. मला आवाज ऐकू आला असं मी आजही सांगते. पण लाऊडस्पीकर कोकलत होता, काही ऐकू आलं नसणार. ऐकू यायची मी इतकी वर्षं वाट बघत होते, म्हणून ऐकू आलं.

मी मैदानात कशी पोचले ते आठवत नाही. तोवर ती उठून बसली होती. घोटा तिने सोडला नव्हता, गुण मिळाला होता. त्यांच्या सरांनी ओला रुमाल लावला. मी तिची पापणी वर केली. डोळा पांढराशुभ्र. लाल नाही, रक्त नाही, सूज नाही, काळंनिळं तर नाहीच. आजूबाजूला जमलेली माणसं एका सुरात म्हणाली, "रगत नाय, सूज नाय, काय नाय झाला." आमच्याकडे मार मोजायचं माप हेच. रक्त आलं तर लागलं, सुजलं तर मुका मार, आणि दोन्ही नसलं तर उठून कामाला लाग.

मलाही ते माप पटलं. मला एवढं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा मला जे हायसं वाटलं, त्याची मला आज सगळ्यात जास्त भीती वाटते.

सरांनी तिला पुढे खेळवलं नाही. जीपमधून परत येताना सरळगावच्या आधी तिने गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेला ओकली. जीपमधल्या आयांनी लगेच निकाल दिला. उपाशीपोटी ऊन लागलं, वरून वडापाव खाल्ला, पित्त खवळलं. ती गाडीत येऊन बसली ती मान मागे टाकून, हनुवटी वर करून. जणू गाडीच्या टपाला काही तरी दाखवतेय. मी सवयीने म्हटलं, "हनुवटी खाली घे." ती म्हणाली, "नको. अशीच बरं वाटतंय." मी, जिचा जन्म लोकांच्या हनुवट्या खाली करण्यात गेला, मला तेव्हा काही कळलं नाही.

घरी सासूबाईंनी आमसुलाचं पाणी करून दिलं. ते उलटलं. लिंबू-साखर दिलं, तेही उलटलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तोंड पांढरं पडलं होतं, हात गार. मी विचारलं, डोळा दुखतो का? "दुखत नाय. फिरवला का मळमळतं." मी पुन्हा पापणी उघडून पाहिली. तोच पांढरास्वच्छ डोळा. नवरा म्हणाला, "अगं, पोटाचं आहे ते, झोपू दे." एवढं स्वच्छ दिसत असताना मी काय बोलणार होते? लाल असता तर बरं झालं असतं, असं मला वाटायला लागलं. दिसणाऱ्या गोष्टीला माणूस बोट तरी लावतो.

दिवेलागणीला सासूबाई मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या घेऊन आल्या. "नजर लागलीय पोरीला. एवढ्या लोकात गुण घेतला तिनं."

एरवी मी भांडले असते. मिरच्यांचा धूर आणि तोही डोळ्याला लागलेल्या पोरीसमोर! पण भ्यालेल्या माणसाला लाज नसते आणि मतंही नसतात. मी म्हटलं, काढा, पण मिरच्या बाहेर चुलीत टाका.

सासूबाईंची दृष्ट काढायची रीत त्यांच्या माहेरची. इतर बाया मूठ ओवाळतात आणि पोरं इकडे-तिकडे बघत असतात. यांच्याकडे तसं चालत नाही. मूठ पायापासून डोक्याच्या वरपर्यंत न्यायची आणि ज्याची दृष्ट काढायची त्याने मुठीवरून नजर हलवायची नाही. नजर मुठीत उतरली पाहिजे, असं त्या म्हणतात. लेक उठून पाटावर बसली. नवऱ्याने तिला मागून आधार दिला. मी समोर उकिडवी बसले.

"बघ गो मुठीकडं. मान हलवू नको." सासूबाईंनी मूठ पायापाशी नेली. दोन्ही डोळे खाली गेले. "आल्यागेल्याची, वाटंवरच्याची, घरच्याची, दारच्याची..." मूठ वर वर गेली, तिच्या कपाळाच्या वर.

उजवा डोळा मुठीबरोबर वर गेला. डावा गेला नाही. तो सरळ माझ्याकडे बघत राहिला.

ते कसं दिसलं ते मी नीट सांगू शकत नाही. पोटची पोर, तिचं तोंड मला पाठ आहे, आणि त्या तोंडात एक डोळा कौलांकडे आणि एक माझ्याकडे. माजघरातल्या दिव्याच्या उजेडात ते माझ्या लेकीचं तोंडच वाटेना. मी म्हटलं, "थांबा."

"दृष्ट काढताना मधे बोलू नये गो."

"परत वर न्या. मूठ परत वर न्या."

माझा आवाज असा आला असावा की त्या न बोलता मूठ खाली घेऊन पुन्हा वर घेऊन गेल्या. पुन्हा तेच. डावा डोळा मधेच अडला, जणू कोणी खालून धरून ठेवलाय. लेकीला लगेच उमासा आला. मी तिची हनुवटी हातात धरली होती, तेव्हा जीपमधली तिची वर केलेली मान मला एकदम समजली. तिला वर बघताच येत नव्हतं, म्हणून ती सगळं तोंडच वर करत होती.

मी मोबाईलवर फोटो काढला. नवऱ्याला दाखवला. मला आयुष्यभर हसलेला माणूस, तो फोटो बघून खाली बसला.

मुरबाडच्या आमच्या डॉक्टरांनी फोटो पाहिला, मग तिच्यासमोर बोट धरून वर-खाली नेलं, मग बराच वेळ नाडी धरून बसले. "नाडी मंद आहे," ते म्हणाले. "हे पित्त नाही. आत्ताच कल्याणला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन जा, मी फोन करून ठेवतो. वाटेत पाणीसुद्धा देऊ नका." मी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होते. फोटोवाल्या बाईला तोंड वाचता येतं. पाणीसुद्धा देऊ नका म्हणजे कापाकापी करायची आहे, हे मला तिथेच कळलं.

शेजाऱ्यांच्या गाडीतून निघालो. तिचं डोकं माझ्या मांडीवर. रस्त्यात कुठे खड्डा आला की मी तिच्या डोळ्यावर हात आडवा धरायची. आता तिथे लागायला काय उरलं होतं? तरी धरायची. मला एकसारखे वडील दिसत होते. ते डावीकडच्या चौकटीला कसे धडकायचे, ताटात डावीकडची भाजी कशी तशीच राहायची, आणि आई काही न बोलता ताट कसं फिरवायची. मी मनात देवाशी भांडत होते. एका घराण्यात किती डोळे घेशील? नवरा पुढे बसला होता. एकदा मागे वळून म्हणाला, "तू म्हणत होतीस." एवढंच. कोणी तरी असं म्हणावं म्हणून मी किती वर्षं घालवली होती, आणि त्याने म्हटलं तेव्हा मला त्याचं तोंड दाबावंसं वाटलं.

कल्याणला डोक्याचं स्कॅन केलं. डॉक्टर बाई तरुण होत्या, माझ्या भाचीच्या वयाच्या. त्यांनी आम्हाला पडद्यावर लेकीच्या तोंडाचं काळंपांढरं चित्र दाखवलं आणि पेनाने एक बारीक रेघ दाखवली.

"डोळा शाबूत आहे," त्या पहिल्यांदा हे म्हणाल्या, त्यासाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे. "पण अडकलाय. डोळा ज्या खोबणीत बसतो तिची वरची, बाहेरची कड जाड हाडाची असते. खालचा तळ मात्र अंड्याच्या टरफलासारखा पातळ. त्याच्याखाली गालातली पोकळी. गुडघा कडेवर बसला, आतला दाब वाढला, आणि तळाने हार खाल्ली."

"मग सूज का नाही?" नवऱ्याने विचारलं. "लाल का नाही?"

"मोठ्या माणसाचं हाड वाळलेलं असतं, ते मोडून पडतं. मग रक्त, सूज, काळंनिळं, सगळं दिसतं. पोरांचं हाड ओलं. ते मोडत नाही, वाकतं. फट पडते, डोळा फिरवणारा स्नायू त्या फटीत उतरतो, आणि हाड परत उसळून जागेवर बसतं. स्नायू आत चिमटलेला. बाहेरून बघाल तर डोळा अगदी छान. उलट्या त्या चिमट्यामुळे होतायत."

ओल्या बांबूला चीर देऊन पाचर काढली की दोन्ही भाग खाटकन मिटतात. लहानपणी वईचं कुंपण करताना माझं बोट असं सापडलं होतं. मी डॉक्टरांना ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "तसंच. आणि बोट तसंच ठेवलं तर?" बोट काळं पडतं.

"म्हणून उद्या सकाळी पहिलं ऑपरेशन हिचं. उशीर केला तर तो स्नायू मरेल. मग डोळ्याला दिसेल, पण तो वर जाणार नाही. सगळं कायमचं दोन-दोन दिसत राहील."

तेव्हा मी तो प्रश्न विचारला. "आमच्या घरातले डोळे बाहेर आहेत, म्हणून झालं ना हे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. दोघींची तोंडं ताडून बघत होत्या. "डोळे असे असले की मार जास्त लागू शकतो, हे खरं. कानाकडच्या बाजूने तर आपल्या सगळ्यांचाच डोळा उघडा असतो, तुमचा जरा जास्त. लहान वस्तू असती, चेंडू किंवा काठीचं टोक, तर मी तुम्हाला हो म्हटलं असतं. पण गुडघा मोठा. तो हिच्या गालाने आणि भुवईने घेतला. हे खोल डोळ्यांच्या पोरीलाही झालं असतं. आणि तळ वाकला म्हणून दाबाला वाट मिळाली. नाहीतर डोळाच फुटला असता."

मला राग आला. मला स्पष्ट हो हवं होतं, नाहीतर स्पष्ट नाही. तेरा-चौदा वर्षं मी ज्या जागेवर पहारा दिला त्या जागेवरून चोर आलाच नव्हता. तो खालून आला होता, जिथे मी कधी पट्टी लावली नव्हती. आणि ज्या तोंडाला मी नावं ठेवली त्याच तोंडाने वाकता वाकता डोळा वाचवला होता. हे सगळं मला नंतर सुचलं. तेव्हा मी फक्त म्हणाले, "कुठून कापणार?"

"खालच्या पापणीच्या आतून. बाहेर खूण दिसणार नाही."

सकाळी तिला आत नेलं तेव्हा तिने माझा हात धरला होता. घोटा धरायची तशीच पकड. नर्सने बोटं एकेक करून सोडवली. बाहेरच्या बाकावर मी बसले आणि मला एवढी भीती वाटली की ती भीती आहे हेही कळेना. दात वाजत होते, मला वाटलं थंडी. नवऱ्याने शाल पांघरली तरी वाजत राहिले. समोर भिंतीवर डोळ्याचं मोठं रंगीत चित्र होतं, ते दिसू नये म्हणून मी पाठ फिरवून बसले, तर पाठीवर कोणी तरी बघतंय असं वाटायला लागलं.

ऑपरेशन नीट झालं. स्नायू गुलाबी होता, अजून जिवंत होता, असं डॉक्टर म्हणाल्या.

पट्टी काढली तेव्हा त्यांनी लेकीला पंख्याकडे बघायला सांगितलं. मी पलंगाच्या बाजूला उभी होते, माझी मान काही केल्या तिच्याकडे वळेना. तिनेच हाक मारली. "आई." मी पाहिलं. डावा डोळा वर जात होता, हळूहळू, उजव्याच्या मागे मागे. "वर बघितलं का तू दोन दिसतेस," ती म्हणाली. "दोघी पण घाबरलेल्या."

डॉक्टरांनी डोळ्याचा व्यायाम सांगितला. बोट धरायचं, वर-खाली न्यायचं, तिने नजरेने मागोमाग जायचं. घरी हे काम सासूबाईंनी घेतलं. बोट नाही, मूठ. रोज सकाळ-संध्याकाळ, मिठाशिवाय. "नजर होतीच," त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "माझ्या मुठीत मावली नाय म्हणून हाडात शिरली." मी कधी वाद घातला नाही. त्यांची मूठ नसती तर आम्ही पोरीला पित्ताचं औषध देत बसलो असतो, आणि मी तिच्या स्वच्छ डोळ्याकडे बघत हायसं वाटून घेतलं असतं.

दोन प्रतिमा हळूहळू एक झाल्या. अजून अगदी वर, छपराच्या कोपऱ्यात बघितलं तर दोन दिसतात, पण तिथे रोज कोण बघतं? उन्हाळा गेला, पावसाळा गेला. डॉक्टर म्हणाल्या, आता खेळायला हरकत नाही.

सगळे माझ्याकडे बघत होते. पूर्वी मी तोंड उघडलं की माना फिरवणारी माणसं आता माझ्या एका शब्दाची वाट बघत होती. मी नाही म्हटलं असतं तर कोणी हूं का चूं केलं नसतं. मी तयारीतच होते. लेक विचारेल आणि मी नाही म्हणेन. पण तिने विचारलंच नाही. सर दुकानात येऊन गेले, दोनदा निरोप आला, तरी ती काही बोलेना. शेवटी एका संध्याकाळी तिच्या बापाने तिला सरावाला नेलं. मी दुकान बंद करून मागून गेले.

ती आपल्या जुन्या कोपऱ्यात उभी होती. समोरची पोरगी चढाईला आली, पाय टाकला, मागे फिरली. घोटा हिच्या हाताशी होता. हिने हात पुढे केले आणि तोंड फिरवलं. डावा खांदा गालावर ओढून घेतला, डोळे गच्च मिटले. घोटा निघून गेला. पुढची चढाई आली. पुन्हा तेच. सर काही बोलले नाहीत. बाकीच्या पोरीही बोलल्या नाहीत, आणि तेच वाईट होतं.

ती मान माझी होती. फटाक्यांच्या वेळी दारामागे मी जशी करते, तशी. देवाकडे, तेलवाल्या बाईकडे, पट्टीकडे मी हेच मागत आले होते, की हिला जरा भीती कळू दे, हिने डोळा सांभाळावा. ते मला मिळालं होतं. माझी लेक मैदानाच्या मधोमध माझ्यासारखी उभी होती, आणि मला ते बघवेना. एवढं तर मला त्या बाकावरही रडू आलं नव्हतं.

पुढची चढाई सुरू झाली. ती उंच, दणकट पोरगी होती, गुडघे हे एवढे.

"धर गो!" मी ओरडले. "पाय धर!"

सगळं मैदान वळून बघायला लागलं. नवराही. लेकीनेही पाहिलं, दोन्ही डोळ्यांनी, सरळ माझ्याकडे. मग ती वाकली. त्या गुडघ्याच्या समोर तिचं तोंड उघडंच्या उघडं होतं, आणि तरी मी ओरडतच राहिले, धर, सोडू नको, धर.